साठ की पासष्ट? विचारा तिजोरीला

महाराष्ट्रात माणूस म्हातारा कधी होतो, याचं उत्तर तो कुठल्या खिडकीसमोर उभा आहे त्यावर ठरतं. बँकेत मुदत ठेव ठेवायला गेलात तर साठाव्या वाढदिवसाच्या सकाळपासून तुम्ही ज्येष्ठ. अर्धा टक्का व्याज जास्त. एसटीत चढलात तर वाहक आधार कार्ड हातात घेऊन साल बघतो आणि पुरुषाची पासष्ट भरली नसतील तर पूर्ण तिकीट फाडतो. पंचाहत्तरी गाठली की तोच वाहक शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवतो. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड हवं असेल तर सत्तर. प्राप्तिकर खात्याला साठीची माणसं ज्येष्ठ आणि ऐंशीची अतिज्येष्ठ वाटतात. रेल्वेत खालचा बर्थ देताना बाई पंचेचाळिसाव्या वर्षीच ज्येष्ठांच्या रांगेत बसते, पुरुषाला साठपर्यंत थांबावं लागतं. आणि ज्या राज्य सरकारने यातली काही वयं ठरवली, ते आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतं.

यावर हसून सोडून देता येईल. सरकारी कामात एकवाक्यता कधी होती? शिवाय वेगवेगळ्या सवलतींना वेगवेगळं वय असणं काही पाप नाही. बसमध्ये चढायला गुडघे लागतात, कर भरायला उत्पन्न लागतं, शस्त्रक्रियेला पैसे लागतात. प्रत्येकाची गरज वेगळ्या वयात जाणवते. सगळीकडे एकच आकडा असावा असा माझा आग्रह नाही. पण हे आकडे शेजारी शेजारी मांडले की त्यांतून एक संगती दिसू लागते, आणि ती शरीराच्या म्हातारपणाशी जुळत नाही. ती खर्चाशी जुळते.

जिथे सरकारच्या खिशातून काही जात नाही, तिथे म्हातारपण लवकर येतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा साठीला ज्येष्ठ मानतो. त्यातला निर्वाहखर्च मुलांनी द्यायचा असतो, प्रांताधिकाऱ्याने फक्त आदेश काढायचा. जास्तीचं व्याज बँक देते. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात २०१३ साली वय पासष्ट होतं, ते २०१८ मध्ये साठ झालं, तेव्हा टाळ्या पडल्या. पण एसटीची सवलत पासष्टलाच राहिली. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनाही पासष्टलाच राहिली. चष्मा, काठी, कानाचं यंत्र घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये, म्हणजे नव्या धोरणानंतर जवळपास सहा वर्षांनी आली. तिचंही वय पासष्ट. धोरणाने ज्यांना ज्येष्ठ केलं, त्यांना योजनेने दारातच अडवलं.

अपवाद एक आहे आणि तो मजेशीर आहे. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना साठीपासून लागू आहे. ती जुलै २०२४ मध्ये आली, विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाली. साठीचा माणूस पंढरपूर-अयोध्येला जाण्याइतका म्हातारा असतो, पण त्याच वयात चष्म्याला पैसे मागण्याइतका म्हातारा नसतो, असा याचा अर्थ घ्यायचा.

साठ आणि पासष्ट यांच्यातली ही पाच वर्षं कागदावर क्षुल्लक दिसतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं दहा कोटी अडतीस लाख होती. त्यातली साठ ते चौसष्ट या वयाची एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे साठच्या जागी पासष्ट लिहिलं की दर तीन म्हाताऱ्यांतला एक जण जिवंतपणी यादीतून गळतो. ना कुणाचा अर्ज फेटाळावा लागतो, ना कुणाला उत्तर द्यावं लागतं. खर्च आवरायची इतकी सोपी, इतकी शांत युक्ती अर्थखात्याला दुसरी मिळणार नाही. आणि महाराष्ट्रात ज्येष्ठांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त, तेव्हाच ९.९ टक्के होतं.

वय कमी केलं तर काय होतं तेही पाहून ठेवलेलं बरं. २०११ मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचं वय पासष्टवरून साठ केलं. चांगलं झालं. पण केंद्राचा वाटा? २००७ मध्ये या योजनेला इंदिरा गांधींचं नाव मिळालं तेव्हा तो महिना २०० रुपये होता. ऐंशीच्या आतल्या माणसासाठी आजही तो २०० रुपयेच आहे. दोनशे रुपयांत तेव्हा काय यायचं आणि आता काय येतं हे किराणा दुकानात जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. म्हणजे दार मोठं केलं की ताटातलं वाढप थांबवायचं, आणि वाढप नीट करायचं असेल तर दार अरुंद ठेवायचं.

दोडामार्ग आणि डिचोली यांच्यात फार अंतर नाही. इकडे सिंधुदुर्गातला माणूस श्रावणबाळसाठी पासष्टची वाट बघतो. तिकडे गोव्यात, दयानंद बांदोडकरांच्या नावाने चालणाऱ्या सामाजिक सुरक्षा योजनेत, साठीपासून महिना २,००० रुपये मिळतात. गोवा लहान, त्याचा जमाखर्च वेगळा, हे मान्य. पण मग मोठं राज्य असल्याने आम्हाला पैसे पुरत नाहीत, असं सरळ म्हणावं. पासष्टलाच माणूस म्हातारा होतो, असं म्हणू नये.

कारण ज्यांच्यासाठी हे निवृत्तिवेतन आहे, त्यांच्यातलं म्हातारपण ना तहसीलदार ठरवतो ना जनगणना. ते मुकादम ठरवतो. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल वाटतो, आणि ज्या जोडीकडून ठरलेला ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून गाडीत चढवून होणार नाही असं त्याला वाटतं, तिची उचल तो आधी कमी करतो, मग बंद करतो. हे पंचेचाळीस-पन्नाशीतच होऊ लागतं. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली; त्यात पस्तिशी-चाळिशीतल्या बायका कितीतरी. अशा बाईला पासष्टपर्यंत थांब म्हणणं म्हणजे तिने मधली वीस-पंचवीस वर्षं कशी काढायची ते आम्ही बघणार नाही, असं सांगणं.

बांधकाम मजुराची गंमत याहून मोठी. १९९६ च्या कायद्यानुसार त्याची मंडळाकडची नोंदणी अठरा ते साठ या वयात होते. साठ झाली की लाभार्थी म्हणून नाव निघतं, कारण आता तो कामाचा राहिला नाही. श्रावणबाळसाठी तहसीलला गेला तर पासष्ट नाहीत, कारण अजून तो कामाचा आहे. या दोन कार्यालयांच्या मधली पाच वर्षं त्याने कुठे उभं राहायचं? संजय गांधी निराधार योजना पासष्टच्या आतल्यांसाठी आहे, हे कुणी लगेच सांगेल. आहे, पण ती विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी, परित्यक्ता, निराधार अशा ठरलेल्या खणांची योजना आहे. ज्याची बायको जिवंत आहे, हातपाय जागेवर आहेत आणि फक्त पाठ गेली आहे, त्या बासष्टीच्या गवंड्याचा खण त्यात सापडत नाही.

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ च्या सुमारास पेन्शन परिषदेच्या झेंड्याखाली असंघटित कष्टकऱ्यांसाठी सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी केली, तेव्हा पुरुषांसाठी पंचावन्न आणि बायकांसाठी पन्नास असं वय मांडलं होतं. पुष्कळांना ते अति वाटलं. पन्नाशीत कसलं म्हातारपण? आढाव आयुष्यभर हमालांमध्ये वावरले. गोणी पाठीवर घेणाऱ्या माणसाचं वय कसं मोजायचं हे त्यांना माहीत होतं. सचिवालयात कारकुनी करणाऱ्याला ते कळणं कठीण, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो एकाच्या शरीरावरून दुसऱ्याचं वय ठरवण्यात.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आईबरोबर गेलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेली बारा-तेरा वर्षांची पोर आठवून बघा. त्या कामांतूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. ती पोर १९६० च्या आगेमागे जन्मली. म्हणजे गेल्या एक-दोन वर्षांत तिने पासष्टी ओलांडली किंवा आता ओलांडते आहे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा वयाची वरची मर्यादा आधी साठ होती, ओरड झाल्यावर काही दिवसांत पासष्ट केली. तिला महिना १,५०० रुपये सुरू झाले. मुख्य अट एवढीच की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागितला नाही.

मग पासष्टावा वाढदिवस आला. लाडकी बहीण बंद. ठीक आहे, आता ती बहिणीची आई झाली, तिच्यासाठी श्रावणबाळ आहे. रक्कमही तीच, १,५०० रुपये. पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये.

अडीच लाख आणि एकवीस हजार. आदल्या दिवशी एका अटीने जी गरीब होती, ती दुसऱ्या दिवशी वय एक दिवसाने वाढल्यामुळे सधन ठरली. जिच्या घरात वर्षाला ऐंशी हजार, एक लाख येतात अशी प्रत्येक बाई या फटीत पडते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात अशाच घरांची संख्या मोठी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनीच सांगितलं की योजनेतून वगळलेल्या पाच लाख महिलांमध्ये पासष्ट वर्षांवरच्या एक लाख दहा हजार होत्या. त्यातल्या काहींना श्रावणबाळ आधीपासून मिळत असेलही. बाकीच्यांचं काय झालं, याची बातमी मात्र पुढे कुणी दिली नाही. वगळणं ही बातमी होती, वगळल्यानंतरचं आयुष्य ही नव्हती.

तरुणपणी मदत आणि म्हातारपणी बंद, असा उलटा जिना मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. सगळ्या जगात वय वाढलं की अटी सैल होतात. इथे वय वाढलं की अट बारा पट कडक होते.

या एकवीस हजारांचा हिशेब करून बघावा. महिन्याला १,७५० रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे. शेतमजुरीचे दिवसाला ३०० रुपये धरले तर घरातल्या एकाच माणसाने वर्षात सत्तर दिवस काम केलं की मर्यादा संपली. एकाहत्तराव्या दिवशी कामाला गेलं की म्हातारीचा पगार धोक्यात. (गावाकडे या पैशाला पगारच म्हणतात, ‘सासूबाईंचा पगार सुरू झाला’ असं सून सांगते, आणि त्यात सासूचं घरातलं वजन थोडं वाढल्याची नोंदही असते.) इतक्या कमी उत्पन्नात आज कुठलंही कुटुंब जगू शकत नाही, हे तलाठ्याला माहीत आहे, नायब तहसीलदाराला माहीत आहे, मंत्रालयात बसलेल्यांना माहीत आहे. तरी योजना चालते. कशी चालते? खोट्या दाखल्यांवर. सेतू केंद्राच्या बाहेर बसलेला माणूस अर्ज भरताना ‘किती टाकू?’ असं विचारतो. वीस हजार टाक, एकोणीस टाक. ज्याची ओळख आहे त्याचं उत्पन्न मर्यादेत बसतं. ज्याने भोळेपणाने खरं सांगितलं, तो बाद.

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या तहसील कचेरीत, संजय गांधी शाखेच्या बाहेरच्या बाकावर मी माझ्या कामासाठी बसलो होतो. एक आजी आत होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, दोन फोटो, सगळं एकावर एक घडी घालून रबराने बांधलेलं. लिपिक वाईट माणूस नव्हता. त्याने कागद नीट बघितले आणि म्हणाला, “मावशी, दाखला साठ हजारांचा आहे. एकवीसच्या आतला आणा.” मुलगा टेम्पोवर चालक होता, तलाठ्याने अंदाजाने साठ हजार टाकले होते, खरं तर तेही कमीच असणार. आजींना आकडा कळला नाही असं वाटून लिपिकाने पुन्हा समजावलं. त्या म्हणाल्या, “कळलं रे बाबा. आता पोराला काय सांगू, कमी कमव म्हणून?” लिपिकाने मान खाली घालून पुढचा अर्ज ओढला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर देणं त्याचं कामही नव्हतं. ज्यांचं काम होतं ते तिथे बसत नाहीत.

बाहेर आल्यावर बाकावरच्या एकाने त्यांना सांगितलंच, मुलापासून वेगळं रेशन कार्ड काढा, मग उत्पन्न शून्य दाखवता येतं. म्हणजे एकत्र राहणाऱ्या आईला कागदावर घराबाहेर काढायचं, म्हणजे सरकार श्रावणबाळ व्हायला तयार. श्रावणाच्या नावाने काढलेल्या योजनेचा हा गाभा विचार करण्याजोगा आहे.

वयाच्या पुराव्याचा गोंधळ वेगळाच. पन्नास-साठच्या दशकात गावाकडे जन्मलेल्यांपैकी किती जणांची जन्मतारीख खरी आहे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून महाराष्ट्रात लाखो लोकांची जन्मतारीख आहे. ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची प्रत्येक कार्यालयातली रांग त्याची साक्ष देते. गुरुजींनी सालही पोराची उंची बघून लावलं. ज्या मुली शाळेतच गेल्या नाहीत, त्यांचं वय आधार काढताना चालकाने तोंडाकडे बघून टाकलं. अशा बाईला वय विचारा, ती पानशेत फुटलं तेव्हा मी चालत होते किंवा कोयनेच्या भूकंपाला माझं लग्न ठरलं होतं, असं सांगेल. १९६१ आणि १९६७. हा पुरावा आधारवरच्या तारखेपेक्षा पुष्कळदा पक्का असतो, पण त्याला रकाना नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं एका अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केलं आणि शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आधार प्राधिकरणही तेच म्हणत आलं आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस सत्तरीवरच्यांसाठी आरोग्य विमा सुरू झाला आणि त्यात वय ठरतं ते आधारवरून. आधारवर पाच वर्षं कमी लागली असतील तर विमा पाच वर्षं उशिरा. तारीख दुरुस्त करायची तर कागद हवा. कागद नव्हता म्हणूनच तर तारीख चुकली होती. श्रावणबाळच्या नियमांत ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला चालतो, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पण तो मिळवायला किती चकरा होतात, हे ज्याच्या घरातून कुणी गेलंय त्यालाच विचारावं.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो सुशिक्षितांकडून येतो: आता साठी म्हणजे काही म्हातारपण नाही. माणसं जास्त जगतात, साठीला सिंहगड चढतात, सल्लागार म्हणून काम करतात. वय उलट सत्तर करा. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते कुणाबद्दल आहे ते बघायला हवं. ज्या घरात षष्ट्यब्दीसाठी कार्यालय घेतलं जातं, त्या घरांबद्दल ते खरं आहे. त्यांच्यापुरतं वय वाढवायला माझी काहीच हरकत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे बोललो की दोन-तीन जण उठून जातात, तरी बोलतो. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. त्याआधी पुरुषांना साठीला चाळीस टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षी पन्नास टक्के मिळायची, वातानुकूलित डब्यातसुद्धा. निवृत्तिवेतन घेणाऱ्या, मुदत ठेवी असलेल्या माणसाला साठाव्या वर्षी पहिल्या वर्गाच्या तिकिटात सवलत कशासाठी? ती सत्तरीला द्या आणि स्लीपर व साध्या डब्यापुरती द्या. संसदेच्या स्थायी समितीने निदान स्लीपर आणि तृतीय वातानुकूलितमध्ये ती सुरू करा असं सुचवलं होतं, तेही धुडकावलं गेलं. कारण असं दिलं जातं की रेल्वे प्रत्येकालाच तिकिटात जवळपास निम्मी सवलत देते. पुण्याहून नागपूरला उपचारासाठी निघालेल्या म्हाताऱ्याला यात काय वेगळं मिळालं, हा प्रश्न तसाच राहतो.

पण ‘माणसं जास्त जगतात’ हे सांगून ऊसतोडीच्या बाईचं वय वाढवायचं, हा अप्रामाणिकपणा आहे. जास्त जगणारे आणि वाट बघणारे हे एकच लोक नाहीत. ज्याचं आयुष्य कमी, त्याला निवृत्तिवेतन कमी वर्षं मिळतं. वयाची रेषा वर सरकली की त्याचा वाटा आणखी घटतो. पैसा असलेल्याची सवलत पंचवीस वर्षं चालते, मजुराची चार-पाच. कागदावर नियम सगळ्यांना सारखा.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो गंभीर आहे. सरकारवर कर्ज आहे, लाडक्या बहिणीने आधीच तिजोरीवर ताण आणला आहे. मग आकडाच मांडू. त्या एक लाख दहा हजार बायकांना वर्षभर दीड हजार द्यायचे तर १९८ कोटी रुपये लागतात. २०२५-२६ मध्ये लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटींची होती. म्हणजे शंभर रुपयांतले साठ पैसेसुद्धा नाहीत. आणि हा काही नवा खर्च नव्हे. आदल्या महिन्यापर्यंत त्याच बायकांना तो दिला जात होता. एकूण सगळ्या वृद्धांसाठी मर्यादा वाढवली तर खर्च याच्या कितीतरी पट होईल, हे मी नाकारत नाही. पण मग चर्चा त्याची करू: कुणाला द्यायचं, कुणाला नाही. उत्पन्न मोजण्याचं नाटक बंद करून ज्यांना नको त्यांना वगळू: प्राप्तिकर भरणारे, सरकारी निवृत्तिवेतन घेणारे, त्यांच्या जोडीदारांसह. या याद्या सरकारकडे तयार आहेत आणि लाडक्या बहिणीत त्याच वापरल्या गेल्या. शेतमजूर म्हातारीला एकोणीस हजारांचा खोटा दाखला आणायला लावण्यापेक्षा हे स्वच्छ आहे.

वयाचंही तसंच. पंचाहत्तरीला एसटी फुकट ही २०२२ ची योजना लोकांनी डोक्यावर घेतली, कारण तिच्यात दाखला नव्हता, शिफारस नव्हती. कार्ड दाखवा आणि बसा. साधेपणाची किंमत तिथे कळते. तोच साधेपणा निवृत्तिवेतनात आणायचा तर नोंदित बांधकाम मजूर, माथाडी, ऊसतोड कामगार, घरकामगार यांच्यासाठी साठ, आणि ज्या कामात शरीर आधी मोडतं तिथे पंचावन्न, अशी रेषा कामावरून आखता येते. माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायदा करून दाखवलाय की मोठं काही करायचं असलं तर हे राज्य देशाची वाट बघत बसत नाही. आमच्यासारख्या पेन्शनरांची रेषा खुशाल सत्तरीला न्यावी.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. मंडळं, समित्या, अहवाल. पण पासष्टीची फट बुजवायला वेळ लागायचं कारण नाही. लाडकी बहीण योजनेच्या संगणकात प्रत्येक बाईची जन्मतारीख आहे, बँक खातं आहे, आधार जोडलेलं आहे, गाव-तालुका आहे. पुढच्या महिन्यात कुणाची पासष्टी भरते याची यादी निघतेच. त्याशिवाय हप्ता बंद कसा करणार? तीच यादी त्याच दिवशी त्या त्या तहसीलच्या संजय गांधी शाखेकडे पाठवायची, अर्ज न मागता नाव श्रावणबाळमध्ये चढवायचं आणि तिथली मर्यादा अडीच लाखांची करायची. श्रावणबाळ हा विधिमंडळाने केलेला कायदा नाही, ती शासन निर्णयाने चालणारी योजना आहे. एकवीस हजारांचा आकडा एका शासन निर्णयाने आला. दुसऱ्या शासन निर्णयाने तो जाऊ शकतो, आणि त्यासाठी अधिवेशनाची वाट बघावी लागत नाही.